निरोप पोहोचला, पण कळला का?

14 जुलै 2013 हा रविवार होता. त्या दिवशी मोठ्या शहरांतल्या तारघरांपुढे रांगा लागल्या. आयुष्यात कधी तार न केलेली कॉलेजची मुले फॉर्म भरत होती. कुणी आईवडिलांना, कुणी मित्राला, कुणी आठवण म्हणून स्वतःलाच तार पाठवत होते. रात्री खिडकी बंद झाली आणि भारत संचार निगमची तारसेवा थांबली. 1850 च्या सुमारास कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये प्रयोगादाखल तार ओढली गेली, तिथून मोजले तर एकशे साठ वर्षांहून अधिक काळ हा कारभार चालला. सामान्य माणसाला तारघराचे दार उघडले ते 1855 मध्ये.

तार गेली म्हणून हळहळावे, असे काही नाही. तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान आणि जवळजवळ फुकट साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पण तारेबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. निरोप कसा द्यायचा, कुणाच्या हाती द्यायचा, तो ऐकणाऱ्याला कोण सावरणार, याची एक रीत समाजाने तारेभोवती आणि पत्राभोवती बसवली होती. साधन बदलले, नवी रीत मात्र बसली नाही. इथे बोलायचे आहे ते त्या रीतीबद्दल.

मी सात-आठ वर्षांचा असेन. कोकणातले गाव, पावसाचे दिवस, दुपारची वेळ. तारवाला सायकल हातात धरून पाणंदीतला चिखल तुडवत वर आला. आजी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने त्याला पाहिले, सूप खाली ठेवले आणि कागद हातात यायच्या आधीच हंबरडा फोडला. शेजारच्या दोघीतिघी धावत आल्या. चुलीवरचे भाताचे तपेले कुणीतरी उतरवून ठेवले. तारवाला पायरीवरच थांबला आणि त्याने विचारले, “घरात कुणी मोठं माणूस आहे का?” आजी सत्तरीची होती, म्हणजे घरातले सगळ्यांत मोठे माणूस तीच. पण त्याला वय विचारायचे नव्हते. आत जे काही लिहिले असेल ते ऐकून घरच्यांना धरून ठेवील असे कुणी आहे का, हे त्याला विचारायचे होते.

तार इंग्रजीत होती. शाळेतून गुरुजींना बोलावून आणले. गुरुजींनी कागद आधी मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचला, मग चष्मा काढून म्हणाले, “काकू, रडू नका. मुंबईला धाकटीला मुलगा झाला. दोघंही सुखरूप आहेत.” कागदावर शब्द होते चार: सन बॉर्न बोथ वेल. आजीचा विश्वास बसेना. तिने गुरुजींकडून तो कागद तीनदा वाचून घेतला, मग डोळे पुसले आणि तारवाल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

कॅनडातले मार्शल मॅक्लुहन यांनी 1964 साली आपल्या ग्रंथात माध्यम हाच संदेश असतो असे मांडले. हे वाक्य इतके वापरले गेले की गुळगुळीत झाले; पण आमच्या पडवीत त्या दुपारी जे घडले ते याच वाक्याने नेमके सांगता येते. आजीने संदेश वाचला नव्हता, माध्यम वाचले होते. आणि तिचे वाचन अडाणीपणाचे मुळीच नव्हते. तारेला शब्दामागे पैसे पडत. पोस्टकार्ड काही पैशांत जाई. गरिबाघरचा माणूस पोस्टकार्ड सोडून तार करतो म्हणजे चार दिवस थांबता येणार नाही असे काही घडलेले असते. आणि खेड्यातल्या आयुष्यात चार दिवस न थांबणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. तारेचा दर, पोस्टाचा वेग आणि घरची परिस्थिती या तिन्हींतून “तार म्हणजे मृत्यू” हा अर्थ तयार झाला होता. तो कुणी ठरवला नव्हता, तरी सगळ्यांना ठाऊक होता.

चिन्हांचा अर्थ असाच घडतो. स्वित्झर्लंडचे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर 1913 मध्ये वारले. त्यांच्या व्याख्यानांवरून सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले पुस्तक 1916 मध्ये आले आणि विसाव्या शतकाचा भाषाविचार त्यावर उभा राहिला. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांच्यात निसर्गाने बांधलेली गाठ नसते, ती समाजाने मारलेली असते, हा त्यातला मुख्य मुद्दा. मराठी माणसाला तो पटवायला अंगठा पुरेसा आहे. आपल्याकडे एखाद्याला अंगठा दाखवणे म्हणजे त्याला फसवणे, देतो म्हणून न देणे. कागदावर अंगठा उठवणे ही अक्षरओळख नसल्याची खूण. आणि आज मुलाने बापाला पैसे मागितले, बापाने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला, की मुलगा समजतो: मिळाले! बोट तेच आहे, त्याच्याभोवतीचा करार बदलला. ज्याला नवा करार माहीत नाही त्या आजोबांना नातवाचा तो अंगठा आजही टोचतो, आणि चूक दोघांपैकी कुणाचीच नसते.

काही खुणांमध्ये मात्र नुसता करार नसतो. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी खुणांचे जे प्रकार केले त्यांतले तीन प्रसिद्ध आहेत: वस्तूशी साम्य असलेली खूण, वस्तूशी प्रत्यक्ष लागून असलेली खूण आणि केवळ संकेताने चालणारी खूण. चित्र पहिल्या प्रकारचे, आगीचा धूर दुसऱ्या, शब्द तिसऱ्या. पण आपल्याकडे पूर्वी येणारे कोपरा फाडलेले पोस्टकार्ड यांतल्या कुठल्या खान्यात टाकायचे? पोस्टमनच्या गठ्ठ्यातून ते वर आले की घरातल्या बाया आधी कोपऱ्याकडे बघत. फाटलेला कोपरा म्हणजे कुणीतरी गेले. हे कार्ड घरात न्यायचे नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचे, तिथेच फाडून टाकायचे आणि अंघोळ करायची. हा संकेत तर आहेच. पण कागदाचा एक कोपरा तुटतो तेव्हा एका घराचा कोपरा तुटला हे साम्यही डोळ्यांपुढे येते. शिवाय ज्या हाताने तो फाडला त्या हाताचे दुःख कार्डाला प्रत्यक्ष लागलेले असते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेले हळदकुंकू याच खुणेची दुसरी बाजू. अक्षर न येणाऱ्या माणसालाही पत्र कशाचे आहे ते हातात घेताक्षणी कळावे, आणि मजकुरापर्यंत पोहोचेतो त्याने मनाची तयारी करावी, ही सोय ज्या कुणी पहिल्यांदा केली त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही. माझ्या मते संज्ञापनाच्या विचारात त्याची जागा फार वरची आहे.

चाकरमान्यांच्या मुंबईत आणखी एक तार सर्वांना पाठ होती: मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. आई गंभीर आहे, लगेच नीघ. गिरणीत खात्यात ही तार आली की मुकादम वाचून दाखवी, आणि खात्यातल्या प्रत्येकाला समजे की म्हातारी गेली. ज्याची आई, त्यालाही समजे. तरी कुणी तसे म्हणत नसे. सोबती पैसे गोळा करत, कुणीतरी एसटी स्टँडपर्यंत सोडायला जाई, आणि तो माणूस रात्रभर खिडकीशी बसून “गंभीर” या शब्दाला धरून प्रवास करी.

आपल्या काव्यशास्त्राने या शब्दाची उकल हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी ध्वनीचा सिद्धान्त मांडला: शब्दाचा सरळ अर्थ वेगळा, लक्षणेने निघणारा वेगळा, आणि या दोहोंच्या पलीकडे सूचित होणारा तिसरा अर्थ असतो, तोच काव्याचा प्राण. पुढे मम्मटांनी “सूर्य मावळला” हे साधे वाक्य घेऊन दाखवले की ऐकणारा बदलला की सूचित अर्थ बदलतो. गुराख्याला ते गुरे वळवायला सांगते, प्रियकराकडे निघालेलीला वेळ झाली असे सांगते, संध्या करणाऱ्याला आसनावर बसवते. वाक्यात यांपैकी काहीच नाही. अर्थ पुरा होतो तो ऐकणाऱ्यापाशी, आणि म्हणून आपल्या शास्त्रात बोलणाऱ्याइतकेच महत्त्व सहृदयाला, म्हणजे जाणत्या ऐकणाऱ्याला आहे. “सीरियस” या शब्दाचा वाच्यार्थ आजारपण, व्यंग्यार्थ मृत्यू. तार करणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते आणि तार घेणारा फसला नव्हता. दोघांनी मिळून त्या शब्दात इतकी जागा ठेवली होती की एकटा प्रवास करणाऱ्या माणसाला घर येईपर्यंत उभे राहता यावे.

याच कुळातले एक पत्र आपल्या इतिहासात अजरामर झाले आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर जे झाले त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली. पत्रात युद्धाचा शब्द नव्हता. मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची मोजदादच नसल्याचा हिशेब होता. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे ज्याला कळायचे त्याला कळले. वाटेत पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडले असते तर त्याने ते पेढीचे नुकसान समजून बाजूला ठेवले असते. संदेशाची गुप्तता कुलुपात नसते, दोन माणसांच्या सामाईक जगात असते, याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला माहीत नाही.

आता विचाराच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ, कारण आजचे जग त्या टोकावर उभे राहिले आहे. 1948 च्या जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकाने क्लॉड शॅनन या तिशी ओलांडलेल्या गणितज्ञाचा एक दीर्घ लेख छापला. तारेतून, टेलिफोनमधून, रेडिओतून जे जाते ते मोजायचे कसे, आणि वाटेत मिसळणाऱ्या गोंगाटातून ते शाबूत पलीकडे न्यायचे कसे, हा त्यांचा प्रश्न. माहितीचे माप म्हणून “बिट” हा शब्द याच लेखाने रूढ केला. आपण आज मोबाइलवर जे काही पाहतो-ऐकतो त्याच्या मुळाशी हे गणित आहे. मात्र शॅनन यांनी लेखाच्या सुरुवातीलाच प्रामाणिकपणे बजावले होते की संदेशाचा अर्थ काय, याच्याशी अभियंत्याच्या प्रश्नाचा संबंध नाही. पुढल्या वर्षी वॉरन वीव्हर यांनी त्यांचा सिद्धान्त सर्वांसाठी उलगडताना तीन पायऱ्या सांगितल्या: खुणा बिनचूक पोहोचल्या का, त्यांतून अभिप्रेत अर्थ पोहोचला का, आणि त्या अर्थाने ऐकणाऱ्याच्या वागण्यावर हवा तो परिणाम झाला का. पहिली पायरी गणिताने जिंकली. उरलेल्या दोन तिथेच आहेत.

शॅनन यांच्या लेखातली एक गोष्ट भाषेवर प्रेम करणाऱ्या कुणालाही आवडेल. नेहमीच्या इंग्रजी लेखनातला सुमारे निम्मा भाग त्यांच्या हिशेबाने जादा असतो. तो नसता तरी उरलेल्यावरून मजकूर ओळखता आला असता. हा जादा भाग वाया जात नाही, तो गोंगाटापासून संरक्षण करतो. मराठीत हे संरक्षण फार देखणे आहे. “माझी मोठी बहीण आली” या चार शब्दांत ती स्त्री आहे हे चार वेळा सांगितलेले आहे. पाऊस पडतोय, फोन खरखरतोय, त्यातले दोन शब्द उडाले तरी भाऊ आला की बहीण हा घोटाळा होत नाही. तारेने पैसे वाचवण्यासाठी नेमका हा जादा भाग कापला, म्हणून तारेचे घोटाळे व्हायचे. आणि म्हणूनच तार वाचायला गुरुजी लागायचे, जे कापलेला भाग आपल्या समजुतीने भरून काढत.

गुरुजींची ही जागा समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी अमेरिकेत शोधून काढली. 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एका जिल्ह्यातल्या मतदारांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा भेटून विचारले, तेव्हा दिसले की रेडिओ आणि वर्तमानपत्र लोकांना थेट वळवत नाहीत. ते आधी काही जाणत्या, विश्वासाच्या माणसांपर्यंत जातात आणि त्यांच्या बोलण्यातून बाकीच्यांपर्यंत. आपल्याकडे पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, तेव्हा वाचणारा नुसता वाचत नसे. मध्ये थांबून हा कोण, ते कुठे, हे खरे वाटत नाही, असे सांगत असे. गावात बातमी शिरायची ती या माणसाच्या तोंडून, आणि तिथे ती चाळली जायची.

आता 2018 चा जुलै आठवू या. तारसेवा थांबून पाच वर्षे होत आली होती. 1 तारखेला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या आदिवासी गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे, मंगळवेढ्याकडची. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या भागात मोबाइलवरून दिवसेंदिवस फिरत होत्या. एका लहान मुलीशी कुणीतरी बोलला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना घेरले, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत पाचही जण मार खाऊन मेले.

त्या महिन्यांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यांतला एक कराचीतला होता. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जागृतीसाठी केलेली ती चित्रफीत होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि हातातला फलक दाखवतात. आपल्याकडे जी फिरली तिच्यातला शेवट कापलेला होता.

शॅनन यांच्या गणिताने पाहिले तर हा संदेश निर्दोष पोहोचला. एक बिट हरवला नाही, कुठे खरखर नव्हती, चित्र स्वच्छ होते. वीव्हर यांच्या दुसऱ्या पायरीवर मात्र त्याचे नेमके उलटे झाले: मुलांना वाचवायला केलेली गोष्ट मुलांच्या नावाने माणसे मारायला कारण झाली. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 साली इंग्लंडमध्ये लिहिले होते की पाठवणारा संदेशात एक अर्थ भरतो आणि घेणारा आपल्या जागेवरून, आपल्या भीतीने आणि अनुभवाने त्याची उकल करतो. दोन्ही अर्थ जुळतीलच असे नाही. राईनपाड्यात झोळी आणि भगवे कपडे या खुणांची उकल बदलली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुणेचा अर्थ “दारी गोसावी आला, पसाभर धान्य घाला” असा होता, तिचा अर्थ काही आठवड्यांत “पोरे उचलणारा” असा झाला. खुणेचा करार समाज करतो, हे सोस्यूर यांचे म्हणणे ऐकायला निरुपद्रवी वाटते. तो करार एखाद्या माणसाच्या डोक्यावर किती झटक्यात उलटू शकतो ते त्या रविवारी दिसले.

या प्रकारांनंतर लोक म्हणतात, काहीतरी असल्याशिवाय का लोक बोलतात? धूर आहे तिथे आग असणारच. या म्हणण्यातला दृष्टान्त आपल्याच न्यायशास्त्रातून आलेला आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचे शाळेतले उदाहरण. पण शास्त्र इथे थांबले नव्हते. जे दिसते आहे ते खरोखर धूरच आहे का, की धुके आहे, वाफ आहे, उडालेली धूळ आहे, हे आधी पक्के झाले पाहिजे. हेतूच, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती खूणच, संशयित असेल तर अनुमान मुळातच उभे राहत नाही, असे भारतीय तर्कशास्त्राने स्पष्ट सांगितले. आपण पहिले अर्धे वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे विसरलो. राईनपाड्याच्या बाजारात धूळ होती.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाच जणांपलीकडे मजकूर पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घालत असल्याचे जाहीर केले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण कंपनीच्या नियमाने गुरुजी परत येत नाहीत. पारावरचा वाचणारा आधी स्वतः शेवटपर्यंत वाचत असे. आज मजकूर पुढे ढकलणारा बहुधा स्वतः वाचत नाही. “आला तसा पाठवला” हे त्याचे समर्थन, आणि त्याला ते समर्थन खरेच पुरेसे वाटते. माझ्या मते पुढे पाठवणे म्हणजे बोलणेच. ज्याने पाठवले तो त्या मजकुराचा बोलणारा झाला, आणि बोलणाऱ्याची जबाबदारी त्याच्याकडे आली.

दुःखाच्या बातमीचेही तेच. मामा गेल्याचे भाचीला आज कसे कळते? कुटुंबाच्या ग्रुपवर, ऑफिसात बैठक चालू असताना, टेबलावर ठेवलेला मोबाइल उजळतो तेव्हा. वर सकाळच्या शुभेच्छांचे फूल असते, खाली कुणाच्या तरी मुलाची गुणपत्रिका, मध्ये ती ओळ. फाटलेला कोपरा नाही, उंबरा नाही, पायरीवर थांबलेला माणूस नाही. पाठवणाऱ्याला दोन निळ्या खुणा दिसतात आणि तो पुढच्या कामाला लागतो, कारण त्याच्या हिशेबाने निरोप पोहोचला. एका मिनिटात “भावपूर्ण श्रद्धांजली” या एकाच शब्दजोडीच्या चाळीस प्रती खाली उमटतात. त्या खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. तारघरातही सणावाराच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांचे ठरावीक मजकूर क्रमांक घालून ठेवलेले असत. क्रमांक लिहिला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटे, आणि लोक ते वाक्य मनापासून स्वीकारत. ठरीव शब्द वापरण्यात कमीपणा नाही. प्रश्न त्या भाचीचा आहे, जी बैठकीत एकटी बसली आहे आणि जिच्याशी अजून कुणीही बोललेले नाही.

अमेरिकेचे संज्ञापनाचे अभ्यासक जेम्स कॅरी यांनी तारेवर फार महत्त्वाचे लिहिले आहे. तारेपूर्वी संदेश माणसाबरोबर, घोड्याबरोबर, जहाजाबरोबर प्रवास करी. तारेने त्याला पहिल्यांदा वाहनापासून सुटे केले आणि संज्ञापन म्हणजे दूरवर काहीतरी पोहोचवणे ही कल्पना आपल्या मनात पक्की केली. त्याहून जुनी एक कल्पना आहे, असे कॅरी म्हणतात: एकत्र येऊन एक जग सामाईक करणे. वारकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. कीर्तनात त्याला नवी माहिती मिळत नाही. गोष्ट त्याला ठाऊक असते, अभंग पाठ असतो. तरी तो रात्रभर बसतो. “काय म्हणताय?”, “जेवण झालं का?” या आपल्या विचारण्यातही माहिती मागितलेली नसते. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी भाषेच्या सहा कार्यांत याला वेगळी जागा दिली: दोघांमधली वाट उघडी आहे ना, एवढे तपासणारे बोलणे. म्हातारी माणसे फोनवर दहा मिनिटे पावसाबद्दल बोलतात तेव्हा मुले वैतागतात. ते पावसाबद्दल नसतेच.

तारवाल्याने पायरीवर उभे राहून विचारलेल्या त्या प्रश्नात हे सगळे होते. कुठल्या नियमपुस्तकात तो प्रश्न असेल असे वाटत नाही. त्याचे काम तार देणे आणि सही घेणे एवढेच होते. तरी तो गुरुजी येईपर्यंत थांबला, कागद वाचून होईपर्यंत थांबला आणि आजीचे डोळे पुसून होईपर्यंतही थांबला. त्याला अजून दोन गावे करायची होती.

म्हणून वाचकांकडे एकच मागणे आहे. यापुढे कधी तुमच्यावर कुणाला वाईट बातमी कळवायची वेळ आली तर ती आधी ग्रुपवर टाकू नका. ज्याचे माणूस गेले त्याला फोन करा. त्याने फोन उचलला की बातमी सांगण्यापूर्वी विचारा: “आत्ता तुझ्याजवळ कुणी आहे का?” नाही म्हणाला, तर सांगून झाल्यावर फोन ठेवू नका.